ज्या चित्रात काहीच नाही, ते पाहावे कसे?
(चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या जीवनाची व कार्याची ओळख)

चाकणच्या बाजारात कांद्याच्या ढिगाकडे नुसती नजर टाकून माल टिकाऊ आहे की नाही हे सांगणारे शेतकरी आपल्याकडे आहेत. निघोजे, महाळुंगे, भोसरी इथल्या कारखान्यांत मोटारीच्या पत्र्यावरून नजर फिरवून रंग कुठे जाड बसला नि कुठे पातळ, हे ओळखणारे कामगार आहेत. पण याच मंडळींना चित्रकलेविषयी विचारा, उत्तर ठरलेले : "आम्हांला त्यातलं काय कळतंय?" आणि चित्रात माणूस नाही, झाड नाही, देव नाही, घर नाही, नुसता रंगच रंग आहे असे दिसले, म्हणजे तर बोलणेच खुंटते. कोणी हसतो, कोणी मान डोलावून पुढे सरकतो.

अशी चित्रे आयुष्यभर काढणाऱ्या एका चित्रकाराविषयी मी आज बोलणार आहे. त्यांचे नाव वासुदेव गायतोंडे. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत झालेल्या एका लिलावात त्यांचे १९७९ सालचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले, तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचले. आकडा ऐकून काहींनी तोंडात बोट घातले, काहींनी "ही सगळी श्रीमंतांची थेरं" म्हणून विषय संपवला. गंमत अशी, की या दोन्ही मंडळींनी चित्राकडे पाहिलेच नाही. त्यांनी पाहिला तो आकडा. म्हणून तो आकडा आपण तूर्त बाजूला ठेवू आणि आधी माणसाकडे वळू.

गायतोंड्यांचे आईवडील मूळचे गोव्याचे. वासुदेव यांचा जन्म नागपूरचा, २ नोव्हेंबर १९२४ चा. ते वाढले मुंबईत, गिरगावात. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांचे शिक्षण झाले आणि १९४८ साली त्यांनी तिथली पदविका घेतली. त्या काळी या शाळेत जगन्नाथ अहिवासी भारतीय पद्धतीच्या चित्रकलेचा वर्ग चालवीत, शंकर पळशीकरांसारखे शिक्षक होते. तेव्हा गायतोंडे सुरुवातीपासूनच काही 'निराकार' रंगवू लागले नाहीत. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत माणसे आहेत, ठसठशीत रेषा आहेत, सपाट झळझळीत रंग आहेत. जैन पोथ्यांतल्या आणि बसोलीकडच्या पहाडी लघुचित्रांचा संस्कार त्यांवर स्पष्ट दिसतो. हात पक्का झालेला होता. "माणूस काढता येत नाही, म्हणून रंग फासतो" असा आरोप अशा चित्रकारांवर नेहमी होतो. निदान गायतोंड्यांच्या बाबतीत तरी तो टिकणारा नाही.

स्वातंत्र्याच्या वर्षी, म्हणजे १९४७ साली, मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे या सहा कलावंतांनी एक मंडळ काढले. त्याचे नाव प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप. देश नवा, तर चित्रही नवे हवे, अशी त्यांची ईर्षा होती. १९५० मध्ये गायतोंडेही या मंडळात आले. पुढे वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना काम करायला जागा मिळाली. ही संस्था म्हणजे एक अजब घर होते. एका खोलीत चित्रकार, दुसऱ्या खोलीत नाटकाच्या तालमी, तिसरीकडे सतारीचा रियाज. खिडकीतून समुद्र दिसे. गायतोंडे तिथे तासन् तास नुसते बसून राहत. पाहणाऱ्याला वाटावे, हा माणूस काही करीतच नाही. पण ते बसणे हाच त्यांच्या कामाचा मोठा भाग होता.

याच सुमारास त्यांच्या चित्रांतली माणसे हळूहळू विरघळू लागली. पाउल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराच्या कामाने त्यांना वाट दाखवली. रेषेला आणि रंगाला कोणाचे तरी हुबेहूब रूप घेण्याची सक्ती नसते, हे त्यांना त्याच्या चित्रांत दिसले. जपानच्या झेन पंथाचे विचार त्यांना जवळचे वाटले. जे. कृष्णमूर्ती, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज यांच्या शिकवणुकीकडेही त्यांचा ओढा होता. १९५७ साली टोकियोला तरुण आशियाई कलावंतांचे प्रदर्शन भरले होते, त्यात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. १९६० च्या आसपास तर त्यांच्या चित्रातून ओळखीचा शेवटचा आकारही निघून गेला.

आता, जगात त्या वेळी काय चालले होते तेही पाहायला हवे. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत, विशेषतः न्यूयॉर्क शहरात, चित्रकारांची एक नवी पिढी पुढे आली. त्यांच्या कलेला पुढे 'अमूर्त अभिव्यक्तिवाद' असे भारदस्त नाव मिळाले. शब्द मोठा आहे, पण अर्थ सोपा आहे. अमूर्त म्हणजे ज्याला ओळखीची मूर्ती नाही, आकार नाही ते, आणि अभिव्यक्ती म्हणजे आतले बाहेर येणे. या मंडळींचे ढोबळमानाने दोन गट पडतात. जॅक्सन पोलॉक कापड जमिनीवर अंथरी आणि त्याच्या भोवती फिरत फिरत वरून रंग शिंपडी. तिथे हाताची गती महत्त्वाची. मार्क रॉथ्को मात्र मोठमोठ्या कापडांवर रंगाचे पातळ थर एकावर एक चढवी. तिथे गती नाही, तिथे शांतता आहे. १९६४ साली रॉकफेलर निधीची शिष्यवृत्ती मिळून गायतोंडे न्यूयॉर्कला गेले. तिथे ही सगळी चित्रे त्यांना प्रत्यक्ष पाहायला मिळाली.

पण ते तिथे जाऊन ही विद्या शिकून आले, असे मात्र समजू नये. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे जे एक चित्र आहे ते १९६२ सालचे, म्हणजे अमेरिकेला जाण्याच्या आधीचे आहे. वाट त्यांनी मुंबईतच धरली होती. न्यूयॉर्कमध्ये त्यांना त्या वाटेवरचे इतर प्रवासी भेटले, इतकेच. शिवाय त्यांना 'अमूर्त' हा शब्दही फारसा पसंत नव्हता. अमूर्त म्हटले की आधी काहीतरी मूर्त होते आणि त्यातून हे काढले, असा भास होतो. माझे चित्र कशातूनही काढलेले नाही, ते वस्तुनिरपेक्ष आहे, असा त्यांचा आग्रह असे. म्हणूनच त्यांच्या बहुतेक चित्रांना नावे नाहीत. 'सूर्यास्त' असे नाव दिले की पाहणारा लगेच सूर्य शोधू लागतो. तो शोध त्यांना नको होता.

मग हे चित्र तयार तरी कसे होते? इथे पिंपरी-चिंचवडच्या आणि चाकणच्या कामगारबंधूंना माझे बोलणे लवकर कळेल. मोटारीची बॉडी रंगखात्यात येते तेव्हा एकदम अंतिम रंग मारीत नाहीत. आधी पत्रा धुऊन तेलकटपणा काढतात. मग गंज धरू नये म्हणून पहिला थर, तो भट्टीत भाजणे, मग प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर चमक देणारा क्लिअर कोट. गाडी ठोकली आणि गॅरेजात नेली, तर लांबी भरणे, घासणे, पुन्हा भरणे, पुन्हा घासणे हा उद्योग आपण पाहिलेला असतो. वरून दिसणारी चकाकी ही खालच्या न दिसणाऱ्या थरांची पुण्याई असते. एखादा थर ओला असतानाच घाईने दुसरा मारला, तर सगळे काम वाया जाते.

गायतोंड्यांचे कामही थरांचे. त्यांनी कुंचला जवळजवळ बाजूला ठेवला आणि हातात घेतला रोलर, म्हणजे रंग पसरायचा रूळ, आणि रंग खरवडायची सपाट सुरी. तेलरंग पातळ करून ते कापडावर एक थर देत, वाळू देत, त्यावर दुसरा देत. मध्येच सुरीने वरचा थर खरवडून खालचा वर आणीत. वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे फाडलेले कपटे ओल्या रंगावर दाबून उचलून घेत. कागदाबरोबर थोडा रंग निघून येई आणि मागे एक ठसा उरे. त्या ठशावर पुन्हा पातळ रंग. असे करता करता पृष्ठभागाला खोली येई. त्यांच्या चित्रासमोर उभे राहिले की वाटते, आत कुठेतरी उजेड आहे आणि तो धुक्यातून किंवा पाण्यातून वर येतो आहे. तो उजेड वरून रंगवलेला नाही. खालच्या थरातून झिरपून आलेला आहे.

कारखाना आणि चित्रकार यांच्यात फरक आहे, तोही ध्यानात घ्यावा. कारखान्यात हजारावी गाडी पहिलीसारखीच दिसली पाहिजे. रंगाचा एक ओघळ दिसला तर तपासनीस गाडी मागे पाठवतो. गायतोंडे त्या ओघळाची वाट पाहत बसत. रंग आपणहून कुठे जातो, कागद उचलल्यावर काय मागे राहते, हे पाहून मग पुढची गोष्ट ठरे. यातला योगायोग खरा, पण कुठला योगायोग ठेवायचा आणि कुठला पुसायचा, हे ठरवणारी नजर मात्र वर्षानुवर्षांची. वर्षाकाठी त्यांची पाच-सहाच चित्रे पुरी होत. लक्ष्य नाही, पाळी नाही, जादा काम नाही. महिनोन् महिने विचार आणि मग थोडा वेळ हाताचे काम.

"ते सगळं खरं," आपण म्हणाल, "पण त्यात आहे काय?" श्रोतेहो, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो का, ते जरा पाहू. घरधनीण शेणाने अंगण सारवते. तिच्या हाताचे अर्धगोल एकात एक गुंफत जातात, वाळल्यावर त्यांवर एक मऊ झाक येते. आपण पायरीवर उभे राहून म्हणतो, "छान सारवलंय." हे अंगण कशाचे चित्र आहे, असे कोणी विचारत नाही. सकाळी रेडिओवर एखादा गवई आलाप घेतो. त्यात शब्द नाहीत, गोष्ट नाही. तरी तोडीच्या आलापाने सकाळ वेगळी वाटते आणि मारव्याने संध्याकाळ. आपण गवयाला अर्थ विचारीत नाही. मग चित्रकारालाच का विचारतो? डोळ्यांकडून आपण फक्त ओळख पटवण्याचे काम घ्यायचे ठरवून टाकले आहे, एवढेच त्याचे कारण.

आणखी एक उदाहरण गावच्या वेशीवरचेच. म्हसोबाला नाक नाही, डोळे नाहीत, हात नाहीत. तो एक तांदळा, नुसता दगड. त्यावर पिढ्यान् पिढ्या तेल-शेंदराचे लेप चढत आले. त्या लेपांच्या जाडीत किती माणसांचे नवस आणि किती वर्षे साचली आहेत! त्याच्यासमोर हात जोडताना कोणाला आकाराची अडचण पडत नाही. आळंदी आणि देहू ही दोन्ही क्षेत्रे याच कारखान्यांच्या पट्ट्यात, इंद्रायणीच्या काठी आहेत. सगुण आणि निर्गुण हे शब्द इथल्या निरक्षर वारकऱ्यालाही नवे नाहीत. गायतोंडे देव रंगवीत होते असे मला म्हणायचे नाही. ते तसे म्हणतही नसत. पण आकारावाचून काही असू शकते, ही गोष्ट आपल्या मातीला परकी नाही, एवढेच मला दाखवायचे आहे.

१९७१ साली गायतोंड्यांना पद्मश्री मिळाली. पुढच्याच वर्षी ते मुंबई सोडून दिल्लीला गेले आणि निजामुद्दीन भागात एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या छोट्या खोलीत, राहू लागले. लग्न त्यांनी केले नाही. खोलीत सामान थोडे, माणसांची ये-जा थोडी, पुस्तके आणि संगीत हीच सोबत. कोणाला खूश करण्यासाठी ते चित्र काढीत नसत आणि मागणी आली म्हणून भराभर काढून देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १९८४ मध्ये दिल्लीत त्यांना अपघात झाला. मोठ्या कापडासमोर उभे राहून रूळ आणि सुरी चालवणे अशक्य झाले. आता याच्या कामाचे काय, असा प्रश्न कोणालाही पडला असता. गायतोंड्यांनी काही काळाने कागद आणि शाई घेतली आणि लहान लहान रेखाटने केली. कोणत्याही लिपीत न बसणारी अक्षरेच जणू! पुढे अंगात बळ आल्यावर ते पुन्हा तेलरंगांकडे वळले. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर तेरा वर्षांनी, २०१४ साली, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या जीवनभराच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. मराठीत 'चिन्ह' प्रकाशनाने त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ काढला. लिलावातले आकडेही चढत गेले. मार्च २०२१ मध्ये एका चित्राला ३९ कोटी ९८ लाख मिळाले. आता मघाशी बाजूला ठेवलेल्या आकड्याविषयी दोन शब्द बोलायला हरकत नाही. हे पैसे काही बरसातीत राहणाऱ्या त्या माणसाच्या हाती आले नाहीत. विकणारा दुसरा, घेणारा तिसरा. चित्रे मोजकी आणि मागणारे श्रीमंत पुष्कळ झाले, की भाव चढतो. चाकणच्या बाजारात आवक घटली की कांदा चढतो, तसाच हा व्यवहार. भाव चढला म्हणून कांद्याची चव बदलत नाही आणि चित्राचीही नाही. भाव नव्हता तेव्हाही ते चित्र तेच होते. ज्याला ते पाहायचे आहे त्याने किंमत विसरूनच पाहावे.

शेवटी शिक्षकबंधुभगिनींना थोडे सांगतो, कारण या विषयातला खरा प्रश्न त्यांच्या वर्गात आहे. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुले बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र यांनी हात आणि नजर तयार होते. ते हवेच. गायतोंड्यांचाही पाया तसाच पक्का होता. पण त्याच परीक्षेत संकल्पचित्रही असते. तिथे मूल वर्तुळे, त्रिकोण आणि रंग यांची मांडणी करते, आणि ती कशाची आहे असे कोणी विचारत नाही. म्हणजे दार आधीच किलकिले आहे. ते थोडे अधिक उघडायचे.

एक सोपा पाठ असा घेता येईल. प्रत्येक मुलाला एक जाडसर कागद द्या. त्यावर पातळ केलेला एकच रंग पसरवायला सांगा. रंग ओला असतानाच रद्दी वर्तमानपत्राचे कपटे त्यावर दाबून अलगद उचलू द्या. कागद दुसऱ्या दिवसापर्यंत वाळू द्या. घाई करू देऊ नका, कारण थांबणे हाच या पाठाचा अर्धा भाग आहे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रंगाचा अगदी पातळ हात वरून द्यायला सांगा. मग सगळे कागद भिंतीला लावा आणि मुलांना पाच मिनिटे गप्प बसून पाहू द्या. "हे काय काढलंस?" असे विचारू नका. "तुझी नजर आधी कुठे गेली? मग कुठे सरकली? कुठे थांबावंसं वाटलं?" असे विचारा. या प्रश्नांना चुकीचे उत्तर नाही, पण निष्काळजी उत्तर मात्र आहे, आणि ते मुलांना स्वतःलाच कळते. चित्रात नेहमी नापास होणारे एखादे मूल त्या दिवशी बोलू लागेल.

कधी मुंबईला किंवा दिल्लीला संग्रहालयात गेलात आणि गायतोंड्यांचे चित्र भिंतीवर असले, तर त्याच्यासमोर जरा वेळ थांबा. छापील चित्रात किंवा मोबाइलच्या पडद्यावर त्यातले थर सपाट होतात, म्हणून मूळ चित्र पाहण्याला मोल आहे. त्यांची बरीच चित्रे उभी, सुमारे पाच फूट उंचीची, म्हणजे जवळजवळ माणसाएवढी असतात. आधी लांबून पाहा, मग जवळ जा, पुन्हा मागे या. काही दिसले नाही तरी बिघडत नाही. कांद्याचा ढीग पाहणारी, पत्र्यावरचा रंग जोखणारी, सारवलेल्या अंगणावर समाधानाने फिरणारी नजर आपल्यापाशी आहेच. तीच नजर तिथे घेऊन जावी. त्यासाठी निराळी विद्या लागत नाही, थोडी उसंत लागते. गायतोंडे रोज नुसते बसून राहत, ते हीच उसंत मिळवण्यासाठी.